भुकूमला नेलेली गाडी

ज्या माणसाशी तुमच्या घरानं बोलणं टाकलं आहे, नेमक्या त्याच्याच हातावाचून तुमचं काम अडलं, तर तुम्ही त्याच्या दारात जाल का? आणि गेलात, तर तिथं उभं राहून खरं बोलाल का? उत्तर द्यायची घाई करू नका. विसाव्या वर्षापर्यंत मला या दोन्ही प्रश्नांची उत्तरं पाठ होती, आणि दोन्ही चुकीची होती.

आमचं घर पौडच्या पलीकडं, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. पुढं ओटा, ओट्याखाली अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मोटारसायकल, आत दोन खोल्या आणि मागं पत्र्याचं स्वयंपाकघर. पहाटे उठलं की पहिला आवाज कानावर यायचा तो आईच्या लाटण्याचा. ठक, ठक, सर्र. मग कुकर, मग पितळी कालथ्यानं परातीच्या कडेवर केलेली एक कडक टकटक, म्हणजे ‘समे, ऊठ, पोळ्या गार व्हायला लाग.’ पोळ्या गार करणं हे माझं काम होतं. गरम पोळी डब्यात घातली तर ती भिजते, म्हणून प्रत्येक पोळी फडक्यावर पसरून वारा घालायचा आणि मगच घडी करायची. तीस-बत्तीस डबे असायचे. मटकीची उसळ, आमटी, माले गावच्या मामाकडचा इंद्रायणी तांदूळ, बुधवारी अंडी. डबे जायचे पिरंगुटच्या कारखान्यांत, कंत्राटी कामगारांना. कुणी लातूरकडचे, कुणी बुलढाण्याचे, चारपाच बिहारचे. गाडीच्या दोन्ही अंगांना पिशव्या अडकवून अण्णा ते न्यायचे. ज्या गेटावर त्यांनी एके काळी घोषणा दिल्या, त्याच गेटावर ते आता “डबाऽऽ” म्हणून हाक मारायचे.

अण्णा टर्नर होते आणि युनियनचे होते. आमच्या घरात देवाचं कॅलेंडर एक आणि पत्रकांचे गठ्ठे अठरा. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाकीच्या मुली बाराखडी गिरवत होत्या तेव्हा मी ‘कंत्राटी पद्धत रद्द झालीच पाहिजे’ असं जोरात वाचून दाखवत होते आणि अण्णा हातातला चहा तसाच ठेवून ऐकत होते. उरलेली पत्रकं वाया जायची नाहीत. आई त्यांत चटणीच्या पुड्या बांधायची. कामगारांना जेवताना लसणाची चटणी मिळायची आणि खाली तेलाच्या डागाआड बोनसची मागणी. त्या कागदांनी मला घडवलं, हे मी लपवत नाही. आजही कुणी दबक्या आवाजात ‘व्यवहार बघावा लागतो’ म्हणालं की माझे हात शिवशिवतात.

त्या उन्हाळ्यात गाडीचा आवाज बिघडला. सायलेन्सर जिथं इंजिनाला बसतो, तिथून धूर फटफट बाहेर यायला लागला. अण्णा येताना पौडच्या वळणावर असले तरी आम्हाला घरात कळायचं. गॅरेजवाला म्हणाला, आतली रिंग गेली आहे, दोन नट सोडायचे, रिंग बदलायची, बस. मी तिथंच उभी होते. दोन नटांसाठी गाडी दुसऱ्याच्या हातात कशाला द्यायची? अण्णांच्याच एका जुन्या पत्रकात होतं, की कामगारानं आपलं हत्यार आपण ओळखावं. मी रिंग विकत घेतली आणि शुक्रवारी दुपारी, अण्णा डबे पोचवून आल्यावर जरा आडवे झाले असताना, त्यांची हत्यारांची पेटी ओट्यावर उघडली.

पहिला नट सुटला. दुसरा गंजून स्टडशी एकजीव झाला होता. स्टड म्हणजे इंजिनाच्या अंगातून बाहेर आलेला बिनडोक्याचा बोल्ट, त्यावरच नट बसतो. मी रॉकेल सोडलं. दहा मिनिटं थांबायला हवं होतं, मी एक मिनिट थांबले. माझ्यात थांबण्याचा गुण तेव्हा नव्हता आणि आता आहे असंही घरचे म्हणणार नाहीत. पान्याला जोर पुरेना म्हणून मी पान्यात हातभर लांबीचा पाइप अडकवला आणि सगळं अंग टाकून ओढलं. नट हलला. मला इतका आनंद झाला, की मी आणखी ओढलं. मग ‘टक्’ असा एक छोटा आवाज आला. अगदी छोटा, सुपारी फुटल्यासारखा. पाना हातात मोकळा आला आणि त्याच्याबरोबर नट, आणि नटात अडकलेलं स्टडचं टोक. उरलेला स्टड इंजिनाच्या आत राहिला होता, कडेला सपाट. पकडायला काही नाही.

अण्णा बाहेर आले, वाकून बघितलं.

“कुणी सांगितलं व्हतं तुला हे?”

“तुमच्या पत्रकानं.”

ते आत निघून गेले. अण्णा बोलले नाहीत की घरात भांड्यांचासुद्धा आवाज कमी व्हायचा.

शनिवारी ते डबे घेऊन बसनं गेले. बत्तीस डबे, चार पिशव्या, कमरेचा जुना त्रास. कंडक्टर म्हणाला, हा टेंपो न्हाई. पहिली बस सोडावी लागली. जेवणाची सुट्टी साडेबाराची, अर्ध्या तासाची. अण्णा गेटावर पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. माणसं वडापाव खाऊन पुन्हा मशिनवर गेली होती. बत्तीस डबे भरलेले परत आले. सुपरवायझरनं अण्णांना शांतपणे सांगितलं, की सोमवारी पुन्हा असं झालं तर कामगारांचं जेवण कँटीनला लावावं लागेल. कँटीन त्याच्या मेव्हण्याचं होतं. आईनं डबे एकेक करून उघडले आणि पातेल्यात रिकामे केले. ती रडली असती तर मला सोसलं असतं. ती मोजल्यासारखं एकेक झाकण लावत राहिली.

इकडं मी हातावर हात ठेवून बसले नव्हते, आणि तेच वाईट झालं. हार्डवेअरच्या दुकानात ‘ईझी आउट’ नावाचं हत्यार मिळतं. उलट्या आट्यांची निमुळती सळई. मोडक्या बोल्टात भोक पाडायचं, ही सळई त्यात ठोकायची आणि उलटी फिरवायची; ती फिरता फिरता रुतते आणि बोल्टाला घेऊन बाहेर येते. दुकानदार तरी तसं म्हणाला. शेजारून ड्रिल आणलं. भोक मधोमध पडायला हवं, माझं एका अंगाला पडलं. सळई ठोकली. फिरवली. ती रुतली. मी आणखी फिरवली. पुन्हा तोच सुपारीचा आवाज. आता मोडक्या स्टडच्या आत मोडकी सळई होती, आणि ती सळई इतक्या कडक पोलादाची, की ड्रिलचं टोक तिच्यावर नुसतं किंचाळून बोथट व्हायचं. एका मोडक्या गोष्टीच्या मी दोन केल्या होत्या.

संध्याकाळी गॅरेजवाला घरी येऊन बघून गेला. पाठीमागं हात बांधून, डॉक्टरसारखा.

“हेड उतरवून पुण्याला मशिनशॉपला द्यावं लागंल. आठ दिवस धरा. सोमवारचं इसरा.”

“दुसरं काहीच न्हाई?” आईनं विचारलं.

तो अण्णांकडं न बघता म्हणाला, “हाय की. भुकूमचा सोपान टर्नर. ह्यो बोल्ट तासाभरात काढंल. पण तुमी काय तितं जानार न्हाई.”

तो असं का म्हणाला, ते पौड रस्त्यावरच्या कुणालाही ठाऊक होतं. तुम्हाला सांगायला हवं.

सोपानकाका आणि अण्णा एकाच कारखान्यात शेजारशेजारच्या लेथवर होते. मी त्यांच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली आहे. हौसाकाकी, म्हणजे त्यांची बायको, आईला ‘शाले’ म्हणून एकेरी हाक मारायची. मी तेरा वर्षांची असताना कारखान्यात संप झाला. पावसाळ्याआधी सुरू झाला, तिसऱ्या महिन्यात सोपानकाका दहाबारा जणांना घेऊन गेटातून आत गेले आणि दिवाळीनंतर संप विझला. अण्णांची नोकरी गेली. सोपानकाका आत गेले त्या रात्री अण्णांनी पत्रक लिहायला घेतलं. मागण्या, कंपनीची खोटी आश्वासनं, कोण आत गेलं त्यांची नावं, सोपानकाकांचं सगळ्यांत वर. शेवट त्यांना जमेना. ते उठून येरझाऱ्या घालायला लागले. कागद माझ्यासमोर होता. मी पेन घेतलं आणि लिहिलं: ‘या घरांच्या चुली आपल्या लेकरांच्या घासावर पेटल्या आहेत, या घरचं पाणीसुद्धा पिऊ नका, यांच्या बायकांना दारात उभं करू नका.’

अण्णांनी वाचलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला. “ही लागली बघ,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती ओळ जाड ठशात छापून आली आणि पिरंगुटपासून पौडपर्यंत वाटली गेली. खाली नाव युनियनचं. मी स्वतः दोन गठ्ठ्यांना घड्या घातल्या. आयुष्यात पुढं पुष्कळ छापून आलं, पण तसा आनंद झाला नाही.

शनिवारी जेवायला पिठलं होतं आणि परत आलेला भात. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. अण्णा म्हणाले, “त्याच्या दारात माझी गाडी जानार न्हाई.”

आईनं भाकरी मोडली. “गाडी तुमची न्हाई. डब्यांची हाय.”

“शालन, सात वर्षं आपन—”

“सात वर्षं तुमी न्हाई बोलला. मला कुणी इचारलं व्हतं? उद्या मी आन समी जातोय. टेंपो सांगितलाय मी.”

अण्णा पान तसंच ठेवून उठले. मला खरं तर त्यांच्या बाजूनं उभं राहायचं होतं. तत्त्व म्हणजे तत्त्व. पण स्टड मी मोडला होता, आणि माझ्या तत्त्वाचे डबे आई पातेल्यात ओतत होती.

रविवारी सकाळी आम्ही गाडी टेंपोत चढवली आणि दोरीनं बांधली. भुकूमला तेव्हा उंच इमारती नुकत्याच उगवायला लागल्या होत्या. आता तिथं उभं राहून डोंगर शोधावा लागतो. सोपानकाकांचं घर एका अर्धवट इमारतीच्या कुशीत होतं. पुढं पत्र्याची शेड, आत एक लेथ, वेल्डिंगचं मशिन आणि लोखंडाचा कीस. वरच्या खोल्यांत भाडेकरू ठेवलेले, गॅलरीत कुणाचे तरी ऑफिसचे शर्ट वाळत होते. काका पाठमोरे बसून काहीतरी घासत होते. मागून इमारतीचा मिक्सर घरघरत होता म्हणून त्यांना टेंपो ऐकूच आला नाही. आई पदर घट्ट करून शेडच्या तोंडाशी उभी राहिली आणि काय हाक मारावी ते तिला सुचेना. मग म्हणाली, “भावजी.”

ते वळले. बराच वेळ बघितलं. आधी आईकडं, मग माझ्याकडं, मग टेंपोतल्या गाडीकडं. गाडी त्यांनी ओळखली. ती घेताना अण्णांबरोबर तेच गेले होते.

“अण्णा न्हाई आला?”

“न्हाई.”

“येनार न्हाईच तो. समी ना गं तू? लई उंच झालीस.” ते उठले, गाडीजवळ आले, टेंपोत चढून उकिडवे बसले. “कुणी मोडला?”

“मी.”

“पान्यानं का पाइप घालून?”

“पाइप घालून.”

“आन मग आत ईझी आउट मोडलंस.”

“व्हय.”

“वा! अण्णाचीच पोरगी. एक पाऊल मागं घेशील तर शप्पथ.” ते हसले नाहीत, पण खाली उतरताना आईला म्हणाले, “उतरवा गाडी.”

त्यांनी कसं काम केलं ते मी इतकं जवळून पाहिलं, की आजही डोळे मिटून सांगू शकते. आधी बॅटरीची वायर काढली, नाहीतर वेल्डिंगचा करंट भलतीकडं जातो. मग त्या भोकात, नेमका मोडक्या पोलादावर, वेल्डिंगचा एक थेंब सोडला. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, त्याला हा थेंब धरत नाही; धरतो तो फक्त आतल्या पोलादाला. थेंबावर थेंब चढवत त्यांनी भोकातून वर येणारा एक ओबडधोबड खुंट तयार केला. त्यावर एक नवा नट ठेवला आणि नटाच्या पोटात वेल्डिंग भरलं. लाल झालेला नट काळा पडेपर्यंत थांबले. पाना लावला. नटच तुटून आला. मी हळहळले. ते म्हणाले, “गप. तो तुटनारच असतो.” दुसरा नट. तोही तुटला. मी शेडमध्ये चकरा मारायला लागले. “बस खाली,” ते म्हणाले, “तुझ्या चकरांनी बोल्ट सुटत न्हाई.” तिसरा नट धरला. धग असतानाच त्यांनी मेणबत्ती नटाच्या बुडाशी टेकवली. मेण पाण्यासारखं आत शोषलं गेलं. मग त्यांनी पाना लावला आणि उलटा फिरवण्याऐवजी सुलटा, म्हणजे आणखी घट्ट होईल असा, किंचित दाबला.

“काका, उलटा सोडायचाय ना?”

“आधी कसायचा. केसाएवढा. गंज आधी आपल्या जागेवरनं हलला पायजे. मग सोडायचा, मग परत कसायचा. ओढत बसलं की मोडतंय.”

केसाएवढा पुढं, केसाएवढा मागं. पाव फेरा झाला. नट एकटा नाही, आतल्या स्टडसकट फिरला. मला ओरडायचं होतं. तेवढ्यात घराच्या दारात हौसाकाकी आली. हातात चहाचा ट्रे. केस पिकले होते. तिनं ट्रे पिंपावर ठेवला आणि एक कप आईच्या हातात दिला, हाताला हात लागणार नाही असा.

“घ्या, शालनबाई.”

‘शाले’ नाही. ‘बाई’. आईनं कप धरला, पण ती पिईना. हौसाकाकीनं ते बघितलं.

“प्या की. का हितलं पानी चालत न्हाई अजून?”

आई घटाघटा प्यायली, तोंड भाजलं असणार. मग काकी म्हणाली, “एक इचारायचं व्हतं. सात वर्षं झाली, पन इचारायला कुणी गावलंच न्हाई. त्या कागदातली शेवटची ओळ. बायकांना दारात उभं करू नका, ती. ती अण्णांनीच लिहिली व्हती का ओ?”

आई म्हणाली, “त्येच लिहितात सगळं.” ती खोटं बोलत नव्हती. तिला माहीत नव्हतं.

मला माहीत होतं. सोपानकाकांचा हात पान्यावर होता. स्टड पाव फेरा बाहेर आला होता, आणि तिथंच राहिला तर आत गाडी, बाहेर आम्ही, सोमवारी साडेबारा वाजता गेटावर बत्तीस माणसं. मी गप्प राहिले असते तर ती ओळ अण्णांच्या नावावर राहिली असती. त्यांना ती जड नव्हती, त्यांनी ती आनंदानं छापली होती. बोल्ट सुटल्यावर सांगता येईल, असंही मनात आलं. खरं सांगते, सगळ्यांत जवळ तेच आलं होतं. पण काम काढून घेऊन मग खरं बोलायचं, याला आमच्या घरात एक शब्द होता, संधिसाधूपणा, आणि तो मी स्वतःच पत्रकांत कितीदा वापरला होता.

“काकी, ती ओळ मी लिहिली.”

मिक्सर घरघरत होता. सोपानकाकांनी पाना काढून जमिनीवर ठेवला. आई माझ्याकडं बघत राहिली, जणू मी तिच्यासमोर वाढलेली मुलगी नव्हतेच.

“तू?” काकी म्हणाली. “तू तर एवढीशी व्हतीस.”

“तेरा वर्षांची. अण्णांना शेवट सुचत नव्हता. मी लिहिला.”

“तेरा.” ती पिंपाला टेकली. “मग तुला गिरन ठाऊक असंल. मी पिठाचा डबा घेऊन जायची तर बाया सरकायच्या. डबा रांगेत ठिवला की कुनीतरी उचलून शेवटी ठिवायचं. रोज शेवटी. म्हनून मी लवळ्याच्या गिरनीत जायला लागले. डोक्यावर दळन, जाऊन येऊन अर्धा दीस. हळदीकुंकवाला कोन आलं न्हाई, त्येचं जाऊ दे. ह्ये गेटातनं आत गेले, ह्यांना काय म्हनायचं ते म्हना. मी कुटं गेले व्हते?”

मी म्हणाले, “चुकलं माझं, काकी. माफ करा.”

“हितं?” तिनं शेडभर हात फिरवला. “हितं कोन हाय ऐकायला? हा लेथ? ती ओळ तू गेटावर वाटलीस, गिरनीत वाटलीस, एसटी स्टँडवर चिटकवलीस. आन माफी माझ्या घरात येऊन, हळूच. तशी नको मला. लिव्ह. तुझं नाव घालून लिव्ह, आन जितं ती ओळ गेली तितं पोचव.”

मग ती नवऱ्याकडं वळली. “आन तुमी काय बसलाय? काढा तो बोल्ट. उद्या डबे जायचेत त्यांचे.”

सोपानकाकांनी पाना उचलला. पुढं, मागं. पुढं, मागं. दहा मिनिटांनी स्टड बाहेर आला, वाकडातिकडा, मेणानं चकचकीत, पोटात माझी मोडकी सळई घेऊन. त्यांनी आतल्या आट्यांवरून टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून ते साफ केले, नवा स्टड बसवला, रिंग घातली, नट कसले. किक मारली. गाडी अशी मऊ बोलायला लागली, की आईनं तोंडाला पदर लावला. जाताना काका एवढंच म्हणाले, “अण्णाला सांग, पोरीच्या हातात पाइप देऊ नको.”

परतीच्या वाटेत गाडी मी चालवली. आई मागं बसली होती. घराच्या अलीकडं म्हणाली, “तुझ्या अण्णांना मी सांगनार न्हाई. तूच सांग.”

सोमवारी डबे बाराला दहा कमी असताना गेटावर होते. मंगळवारी मी अण्णांपुढं अर्ध्या पानाचं पत्रक ठेवलं, खाली माझं नाव. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि घडी घालून माझ्याकडं सरकवलं.

“सोपान आत गेला, हे खोटं हाय का?”

“न्हाई. त्यांनी संप फोडला. ते मी अजून म्हणते.”

“मग माघार कशाची? ह्यो कागद बाहेर पडला तर कंपनी नाचवंल. म्हनंल, बघा, युनियनवालीच म्हनतीय चुकलं.”

“काकी आत गेल्या नव्हत्या, अण्णा.”

ते उठून ओट्यावर गेले. आमच्यात त्या दिवसापासून एक फट पडली, ती नंतर आम्ही दोघांनीही प्रेमानं झाकून ठेवली. आणि मी? मी तो कागद वाटला नाही. चळवळीला धक्का लागेल, अण्णांची तब्येत बरी नाही, पुढच्या महिन्यात बघू. मी भाषणं केली, लेख लिहिले, दुसऱ्यांच्या माघारींवर कडक बोलले. आता पत्रक वाटायला गठ्ठे लागत नाहीत, अंगठा पुरतो. कुणाच्या बायकोला दारात उभं करू नका असं म्हणणारी वाक्यं दिवसाला शंभर येतात आणि मी त्यांवर संतापते. पण माझ्या स्वतःच्या ओळीपुढं मी बारा वर्षं चकरा मारत राहिले. अण्णा गेले. हौसाकाकी भुकूमला आहे. रस्त्यात भेटली की बाकी काही विचारत नाही. “लिवलंस का?” एवढंच विचारते.

लिहिलं, काकी. हे तेच आहे.

त्या पत्रकाच्या मागण्यांतलं एक अक्षर मी मागं घेत नाही. संप खरा होता आणि फोडणाऱ्यांनी तो फोडला. पण त्याची शेवटची ओळ, यांच्या बायकांना दारात उभं करू नका ही, माझी होती, अण्णांची नव्हती, आणि ती हौसाकाकीवर अन्याय करणारी होती. तिनं काहीही केलेलं नव्हतं. खाली युनियनचं नाव होतं, तिथं माझं हवं होतं: समता.

पिरंगुट, भुकूम, पौड या पट्ट्यात तुमचं कुणी राहत असेल, किंवा तुम्ही स्वतः राहत असाल, तर माझं एक काम करा. वरचा परिच्छेद, ‘त्या पत्रकाच्या मागण्यांतलं’ पासून माझ्या नावापर्यंत, मोठ्या अक्षरात कागदावर उतरवून घ्या आणि जवळच्या पिठाच्या गिरणीत, जिथं बायका दळणाच्या रांगेत उभ्या असतात तिथं, नजरेच्या उंचीवर चिकटवा. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. कुणी फाडला तर दुसरा लावा.